विनियम १०४ आणि रात्रपाळीचा सरदार

सेफ्टी ऑफिसरचा चार्ज घेतला तेव्हा कपाटात एक जाडजूड फाइल मिळाली. खाणीचा सेफ्टी मॅनेजमेंट प्लॅन. बांधणी छान, पानोपानी सही-शिक्के. चाळता चाळता एका पानावर थांबलो. 'डंपर मागे घेताना कड्यावरून कोसळणे' असा धोका, त्याचे गुण, उपाय, जबाबदार अधिकारी, सगळं नीट भरलेलं. आमची खाण भूमिगत. डंपर खाली दिसायचं कारणच नाही. कुठल्यातरी ओपनकास्टचा (वरून उघड्या खाणीचा) प्लॅन उचलून वरचं नाव बदललं होतं आणि हे पान काढायचं राहून गेलं होतं.

मॅनेजरसाहेबांना दाखवलं. ते आधी हसले, मग म्हणाले, "आता तुम्हीच नवा करा. पण या वेळी आपल्या खाणीचा करा."

खाण वर्धा खोऱ्यातली, बोर्ड अँड पिलर पद्धतीची. म्हणजे कोळशात आडव्या-उभ्या गॅलऱ्या काढत जायचं, मधले खांब राखायचे आणि शेवटी मागे येत येत ते खांबही काढायचे. छताचा दगड काही ठिकाणी चांगला, काही ठिकाणी चिकणमातीचा आणि भरवशाचा नाही. एका बाजूला राष्ट्रीयीकरणाच्या आधीची, खासगी मालकांच्या काळातली जुनी कामं. ती आता पाण्याने भरलेली.

कायदा मला नवा नव्हता. मॅनेजरच्या परीक्षेला बसलेल्या कुणालाही तो नवा नसतो, कारण तिथं आकडे घोकावेच लागतात. पाणी साचलेल्या जुन्या कामापासून ६० मीटरच्या आत परवानगीशिवाय जायचं नाही. मिथेन सव्वा टक्क्याच्या वर गेला की वीज तोडायची, माणसं बाहेर काढायची. हवेत ऑक्सिजन १९ टक्क्यांहून कमी नको. माणशी मिनिटाला ६ घनमीटर हवा पोहोचली पाहिजे. १९५२ चा खाण अधिनियम आणि त्याखालचे १९५७ चे कोळसा खाण विनियम असेच होते. हे करा, ते करू नका, इतकं अंतर ठेवा. प्रत्येक आकड्यामागे कुठली ना कुठली दुर्घटना आहे असं जुने लोक सांगतात आणि ते फारसं चुकीचं नाही.

२०१७ मध्ये नवे कोळसा खाण विनियम आले. त्यांनी हे आकडे बहुतेक तसेच ठेवले, पण विनियम १०४ ने एक वेगळीच जबाबदारी आणली. आता मालक, एजंट (खाणीवरचा मालकाचा प्रतिनिधी) आणि मॅनेजर यांनी स्वतः आपल्या खाणीतले धोके शोधायचे, त्यांची तीव्रता ठरवायची, उपाय लिहायचे, ते अमलात येतात का ते तपासायचं आणि या सगळ्यात कामगारांना सामील करून घ्यायचं. खाण सुरक्षा महानिदेशालय याबद्दल परिपत्रकांतून बरीच वर्षं सांगत होतं. आता ते बंधनकारक झालं. थोडक्यात, 'कायद्यात लिहिलं नव्हतं म्हणून केलं नाही' हे उत्तर बंद झालं.

कल्पनेचं मूळ इकडचं नाही. १९७२ चा ब्रिटनमधला रोबेन्स समितीचा अहवाल आणि पुढे ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचा खाणकायदा, या वाटेने ती आली. क्वीन्सलँडमध्ये मौरा क्रमांक २ या खाणीत ७ ऑगस्ट १९९४ रोजी स्फोट झाला, ११ जण गेले. बंद केलेल्या पॅनेलमध्ये, म्हणजे खाणीच्या एका भागात, कोळसा आतल्या आत तापत होता. त्याची चिन्हं आधीच दिसली होती, वासही आला होता. पण एका पाळीला कळलेलं सगळं पुढच्या पाळीपर्यंत आणि वरच्या साहेबांपर्यंत पोहोचलं नाही, आणि जेवढं पोहोचलं त्याचा अर्थ लावून माणसं बाहेर ठेवायचा निर्णय झाला नाही. नियम होते, उपकरणं होती, तरी हे घडलं. १९९९ च्या त्यांच्या कायद्याने मग प्रत्येक मोठ्या धोक्यासाठी वेगळी व्यवस्थापन योजना सक्तीची केली. प्लॅन लिहिताना मौराची हकीकत मी पुन्हा पुन्हा वाचली. त्याचं कारण पुढे येईल.

पहिला प्रश्न होता, लिहायला बसायचं कुणी. ऑफिसमधला सूर असा होता की सर्व्हे ऑफिसर, व्हेंटिलेशन ऑफिसर, इंजिनिअर आणि मी, चौघं बसलो की काम उरकेल. मी यादीत ड्रेसर, सपोर्ट मिस्त्री, हॉलेज (दोरीने गाड्या ओढायची यंत्रणा) ऑपरेटर, पंप खलाशी, दोन माइनिंग सरदार (पाळीत एका भागाच्या सुरक्षेवर देखरेख करणारे) आणि वर्कमन इन्स्पेक्टर घातले. वर्कमन इन्स्पेक्टर हे पद १९५५ च्या खाण नियमांतच आहे. कामगारांच्या बाजूने खाण तपासणारा माणूस. आमच्याकडे तो पिट सेफ्टी कमिटीच्या मिटिंगला येऊन रजिस्टरवर सही करी. त्याच्याकडून यापेक्षा जास्त कुणी कधी मागितलं नव्हतं.

मिटिंग कॉन्फरन्स रूममध्ये घेतली आणि ती पूर्ण फसली. प्रोजेक्टरवर तक्ता, समोर खुर्च्या, साहेब पुढच्या रांगेत. ड्रेसर शेवटच्या खुर्चीत हातातली टोपी फिरवत बसला. "काही अडचण?" विचारलं की "नाही साहेब, सगळं ठीक आहे." कोण कशाला एजंटसमोर म्हणेल की छताला मारायचे बोल्ट वेळेवर येत नाहीत?

मग तक्त्याचे कागद घेऊन मीच खाली जायला लागलो. पाळी सुरू व्हायच्या आधी लॅम्प रूमबाहेर, फेसवर (जिथं कोळसा काढणं चालू असतं तिथं), पंपाच्या चेंबरमध्ये. तिथं माणसं बोलली, आणि बोलायला लागली की थांबेनात.

ड्रेसरचं काम म्हणजे ब्लास्टिंगनंतर सैल झालेले दगड लांब सब्बलीने पाडणं. खाणीतल्या सगळ्यात धोक्याच्या जागी तो सगळ्यांत आधी जातो. भारतातल्या भूमिगत कोळसा खाणींत छत आणि बाजू कोसळून होणारे अपघात वर्षानुवर्षं मोठ्या कारणांत मोजले जातात आणि त्यातले बरेचसे फेसच्या जवळपास, नव्याने उघड्या पडलेल्या छताखाली होतात. ते छत ठोकून आवाजावरून ओळखायचं. घट्ट असेल तर टणक आवाज, थर सुटला असेल तर पोकळ. एवढं मला पुस्तकातून माहीत होतं. त्याने जे सांगितलं ते पुस्तकात नव्हतं.

"साहेब, तुमी गॅलरीच्या मधोमध ठोकता अन् रूफ पास करता. आपल्या इथं ती कोपऱ्यातून सुटते. जंक्शनवर पाहा, पिलरच्या टोकाशी. अन् पावसाळ्यात इनटेकची रूफ सोलते. उन्हाळ्यात जिथं सब्बल लागत नाही तिथं पावसाळ्यात बोटानं निघते."

यातली दुसरी गोष्ट व्हेंटिलेशन ऑफिसरने लगेच उचलली. पावसाळ्यात बाहेरची दमट हवा इनटेकमधून, म्हणजे ताजी हवा आणणाऱ्या गॅलऱ्यांतून, आत येते, चिकणमातीचा थर ती ओल धरतो, फुगतो आणि पापुद्रे सुटतात. कारण साधं. पण आमच्या स्ट्रेटा कंट्रोल प्लॅनमध्ये, म्हणजे छत सांभाळायच्या योजनेत, बोल्टिंगचा आराखडा बारा महिने एकच होता. जुन्या रजिस्टरमधल्या छोट्या पडझडींच्या नोंदी महिन्याप्रमाणे लावून पाहिल्या तर इनटेक गॅलऱ्यांमधल्या नोंदी पावसाळ्यात दाटलेल्या दिसल्या. कुणाला दुखापत नव्हती म्हणून त्या एकत्र करून कुणी पाहिल्याच नव्हत्या. नव्या प्लॅनमध्ये चिकणमातीच्या पट्ट्यात बोल्टांबरोबर जाळी आणि पावसाळ्यात इनटेकची वेगळी तपासणी आली. माझ्या मते अख्ख्या प्लॅनमधली ही सगळ्यात उपयोगी ओळ आहे आणि ती मी लिहिलेली नाही.

मग गुण द्यायची वेळ आली. आमच्याकडे वापरात असलेली पद्धत गुणाकाराची आहे: परिणाम, संपर्क (माणूस धोक्यासमोर किती वेळा येतो) आणि शक्यता. परिणामाचे गुण, एकाहून जास्त माणसं दगावतील तर ५, एक दगावेल तर १, आणि खाली खाली दशांशांत. संपर्क सतत असेल तर १०, रोज असेल तर ५, वर्षातून कधीतरी असेल तर २. शक्यतेचेही तसेच, १० पासून खाली. तिघांचा गुणाकार म्हणजे त्या धोक्याची तीव्रता. उतरत्या क्रमाने यादी लावायची आणि वरच्यांना आधी हात घालायचा.

फेसवर छत कोसळणं: ५ गुणिले १० गुणिले ३, म्हणजे १५०. सगळ्यांना पटलं. दोरी चालू असताना हॉलेजच्या वाटेने चालणं: १ गुणिले ५ गुणिले ७, म्हणजे ३५. तेही पटलं. मग जुन्या कामातलं पाणी फुटून आत येणं. सर्व्हे ऑफिसरने भरलं: ५ गुणिले २ गुणिले १. दहा.

दहा! यादीत ते हॉलेजच्याही खाली, ऑफिसच्या जिन्यावरून घसरण्याच्या जवळपास जाऊन बसलं. २७ डिसेंबर १९७५ ला चासनाळ्यात वरच्या जुन्या कामातलं पाणी फुटलं आणि ३७५ माणसं गेली. १९५४ मध्ये, आमच्यापासून फार लांब नाही, छिंदवाड्याकडच्या न्यूटन चिकलीत ६३. १९९५ मध्ये गजलीटांडला नदीचं पाणी शिरून ६४. २००१ मध्ये बागडिगीत २९. अशा धोक्याला दहा गुण?

सर्व्हे ऑफिसरचं चुकलं नव्हतं. जुन्या कामाच्या जवळ आम्ही वर्षातून थोडेच दिवस काम करतो, म्हणून संपर्क २. पाणी फुटेल असं कुणालाच वाटत नाही, म्हणून शक्यता १. मी म्हटलं, पाणी तर तिथं रात्रंदिवस आहे, मग संपर्क सतत का धरू नये? तसं केलं तर पन्नास होतात. म्हणजे एका शब्दाचा अर्थ बदलला की धोका पाचपट. या गणितातली खोट तिथं लख्ख दिसली. क्वचित घडणारी पण घडली तर खाण घेऊन जाणारी गोष्ट गुणाकारात बुडते, आणि रोजची किरकोळ गोष्ट वर तरंगते. शिवाय आकडा वाकवायला सोपा. शक्यता ७ ची ३ करायला पेन्सिल पुरते. ते करताना कुणी खोटं बोलतोय असंही दिसत नाही.

यावर बराच वाद झाला. शेवटी असं ठरलं की पाणी, आग, गॅस आणि छत हे चार धोके यादीच्या बाहेर काढायचे. त्यांना गुण कितीही पडोत, प्रत्येकाची स्वतंत्र योजना करायची. मौरानंतरच्या क्वीन्सलँडच्या कायद्याने हेच केलं होतं आणि आपल्या पद्धतीतही मोठ्या धोक्यांच्या वेगळ्या योजनांची सोय आहे. गुणाकार बाकीच्यांसाठी ठेवला. तिथं तो चांगला चालतो.

पाण्याच्या योजनेवर सगळ्यांत जास्त वेळ गेला. कायदा ६० मीटर म्हणतो, पण कुठून मोजायचे? जुन्या कामाच्या कडेपासून. ती कड कुठं आहे? नकाशावर. तो नकाशा कुणी काढला? खासगी कंपनीच्या सर्व्हेअरने, १९७३ च्या राष्ट्रीयीकरणाच्या कितीतरी आधी. खाण बंद करताना शेवटचे काही फेस नकाशावर चढले असतीलच याची हमी कोण देणार? काही मालक हद्दीपलीकडचा कोळसा काढून घेत आणि तो अर्थातच नकाशावर दाखवत नसत. म्हणजे आमचे साठ मीटर खरे किती, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

म्हणून त्या बाजूला आम्ही नियमापेक्षा जास्त अंतर धरलं आणि त्याच्याही आधीपासून पुढे भोकं मारत जायचं ठरवलं. फेसच्या मध्ये एक, दोन्ही बाजूंना तिरपी, आणि भोकाचं टोक कायम फेसच्या पुढे. विनियमात किमान ३ मीटर म्हटलंय, आम्ही त्याहून बरंच जास्त लिहिलं. इंजिनिअरसाहेब वैतागले, कारण ड्रिलिंगमुळे फेस थांबतो. त्यांचं गणितही खोटं नव्हतं. पण पंप खलाशाने सांगितलं की त्या बाजूच्या एका डिपमध्ये (उताराच्या गॅलरीत) पाण्याची आवक पाऊस संपल्यावरही कमी होत नाही, आणि चर्चेचा नूर पालटला. तो रोज किती तास पंप चालला ते वहीत लिहीत होता. ती वही डीझेल-विजेच्या हिशेबासाठी होती. कुणी ती पाण्याच्या नजरेने वाचली नव्हती. आता ती आठवड्याला सर्व्हे ऑफिसकडे जाते.

आगीचं त्या मानाने पटकन झालं. आमचा कोळसा आपोआप तापणारा, त्यामुळे गोफमधल्या (खांब काढून मागे राहिलेल्या पोकळीतल्या) हवेचे नमुने घेणं, कार्बन मोनॉक्साइड आणि कमी झालेला ऑक्सिजन यांचं गुणोत्तर काढणं, ज्याला ग्रॅहॅम रेशो म्हणतात, हे सगळं आधीपासून नीट चालू होतं. रेशो एखाद्या दिवशी वाढला म्हणून घाबरायचं नसतं, सलग चढतोय का ते पाहायचं असतं. एवढाच एक आलेख भिंतीवर लावला.

हॉलेजचा किस्सा मात्र सांगायला हवा. दोरी चालू असताना त्या वाटेने चालायचं नाही, हा नियम प्रत्येकाला पाठ. तरी पाळी सुटताना निम्मी माणसं त्याच वाटेने वर येत. जुन्या प्लॅनमध्ये उपाय होता: 'कामगारांना समज द्यावी, फलक लावावेत.' फलक होतेही, तीन भाषांत. मी एका पाळीबरोबर चालत वर आलो, नियमाप्रमाणे ट्रॅव्हलिंग रोडने, म्हणजे चालायसाठी ठेवलेल्या वाटेने. गुडघाभर पाणी, एके ठिकाणी छत इतकं खाली की वाकून जावं लागतं, आणि चढ हॉलेजपेक्षा उभा. आठ तास फेसवर राबलेला माणूस कुठल्या वाटेने जाईल? फलकाने काय होणार? तिथं एक छोटा पंप लागला, छत उंच केलं, पायऱ्या काढल्या. हॉलेजवरची वर्दळ बरीच आटली. पूर्ण थांबली नाही. राहिलेल्यांसाठी समज आहेच, पण आता ती द्यायला तोंड आहे.

हाच निकष मग सगळ्या तक्त्याला लावला. उपायाच्या रकान्यात 'समज द्यावी', 'काळजी घ्यावी', 'हेल्मेट वापरावे' एवढंच असेल तर ती ओळ परत. आधी विचारायचं, माणसाला त्या जागेतून काढता येईल का? नाही तर मध्ये काही आडवं घालता येईल का? उघड्या छताखाली जायच्या आधी तात्पुरता आधार लावता येईल का? समज सगळ्यांत शेवटी. अशा परत गेलेल्या ओळींचा गठ्ठा बराच मोठा झाला आणि माझी लोकप्रियता त्याच प्रमाणात घटली.

आता मौराचं, म्हणजे दिसलेली खूण आणि तिच्यावरची कृती यांच्यातल्या फटीचं. छताच्या योजनेत टेल-टेल नावाचं एक साधं उपकरण आहे. छतात खोल भोक पाडून वरच्या घट्ट थरात एक टोक अडकवायचं, खाली रंगीत पट्ट्यांची दांडी लोंबती ठेवायची. मधले थर सुटायला लागले की दांडी सरकते आणि हिरव्यानंतर पिवळा, मग लाल पट्टा दिसतो. वीज नाही, बॅटरी नाही, निरक्षर माणसालाही वाचता येतं. प्रश्न असा, की पिवळा दिसला तर कोण काय करणार? याचा तक्ता करायचा असतो. कुठल्या खुणेवर कुठली कृती आणि कुणी.

जुन्या प्लॅनमध्ये लिहिलं होतं: सरदार ओव्हरमनला (सरदाराच्या वरच्या पर्यवेक्षकाला) कळवेल, ओव्हरमन अंडर मॅनेजरला, अंडर मॅनेजर मॅनेजरला, आणि मॅनेजर योग्य तो निर्णय घेतील. वाचायला रीतसर. मी एका सरदाराला विचारलं, रात्री तीन वाजता लाल पट्टा दिसला तर? तो म्हणाला, "ओव्हरमन दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये (खाणीच्या दुसऱ्या भागात) असला तर फोन करीन. फोन लागला तर." आणि तोवर? "तोवर गाडी भरत राहतील ना साहेब. बंद करायला सांगितलं नाही कुणी."

इथं मी विनियम काढून बसलो. धोका दिसला की त्या जागेतून सगळी माणसं मागे घ्यायची आणि वाट अडवायची, हे सरदाराचं कर्तव्य कायद्याने आधीपासून दिलेलं आहे. १९५७ मध्येही होतं, २०१७ मध्येही आहे. परवानगी मागायची नाही. म्हणजे आमच्या प्लॅनने कायदा बळकट करायच्या ऐवजी पातळ केला होता. कायदा म्हणत होता 'माणसं काढ', प्लॅन म्हणत होता 'कळव'. आणि सरदार बिचारा प्लॅनप्रमाणे वागत होता, कारण ट्रेनिंगमध्ये प्लॅन शिकवला जातो.

नव्या तक्त्यात पिवळ्याला जादा आधार आणि दर तासाला वाचन. लालला एकच ओळ: सरदार माणसं बाहेर काढेल, गॅलरी अडवेल, मग कळवेल. 'मग' या शब्दावर मिटिंगमध्ये अर्धा तास गेला. कुणीतरी सुचवलं, 'तात्काळ कळवेल व सूचनेनुसार'. मी अडून बसलो. मॅनेजरसाहेबांनी माझी बाजू घेतली, आणि एजंटसाहेबांनी सही केली.

एवढं होऊनही पहिल्या काही आठवड्यांत रात्रपाळीला एकही गॅलरी बंद झाल्याची नोंद नव्हती. टेल-टेल मात्र सकाळी पिवळ्याच्या पुढे दिसत. वर्कमन इन्स्पेक्टरला विचारलं. त्याने उत्तर देण्याऐवजी रोजचा उत्पादन अहवाल समोर ठेवला. त्यात एक रकाना होता, 'काम बंद राहण्याचे कारण', आणि शेजारी 'जबाबदार'. वीज गेली तर तिथं इलेक्ट्रिक विभाग, बेल्ट तुटला तर मेकॅनिकल. आणि छतामुळे गॅलरी बंद ठेवली तर? तिथं त्या सरदाराचं नाव. सकाळच्या मिटिंगमध्ये ते नाव मोठ्याने वाचलं जाई. कुणी रागावत नसे, फक्त वाचत. तेवढं पुरतं.

त्या रकान्यात आम्ही माणसाच्या नावाऐवजी टेल-टेलचा नंबर लिहायला लावला. फॉर्म बदलायला प्लॅन लिहिण्यापेक्षा जास्त पत्रव्यवहार झाला, कारण तो फॉर्म आमच्या खाणीचा नव्हता, वरून आलेला होता.

पुढे महानिदेशालयाचे अधिकारी तपासणीला आले. मी फाइल घेऊन सज्ज होतो. त्यांनी ती घेतली, काखेत धरली आणि खाली गेले. एका टेल-टेलखाली थांबून सरदाराला विचारलं, "हा लाल झाला तर काय करशील?" तो म्हणाला, "माणसं काढीन, दोरी बांधीन." "आणि साहेबांना?" "मग सांगीन." पुढे त्यांनी त्याला गॅस टेस्टिंगचे प्रश्न विचारले, फाइलमधल्या हॉलेजच्या पानावर दोन त्रुटी काढल्या, आणि पुढे मारलेल्या भोकांचं रजिस्टर एका जागी अपुरं होतं त्याबद्दल लेखी खुलासा मागितला. तो रास्त होता.

आता कायद्याची चौकटही बदलली आहे. १९५२ चा अधिनियम २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत सामावला गेला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. खाली सगळे अजून 'माइन्स ॲक्ट'च म्हणतात आणि म्हणत राहतील. प्लॅनची गरज त्याने संपत नाही.

आमच्यापुढचा सध्याचा प्रश्न वेगळाच आहे. फॉर्म बदलल्यापासून रात्रपाळीत छतामुळे काम थांबल्याच्या नोंदी वाढल्या. साहजिकच होतं, आधी त्या लिहिल्याच जात नव्हत्या. पण वरच्या कार्यालयात आकड्यांचा आलेख गेला आणि तिथून पत्र आलं: या खाणीत छताची स्थिती अचानक का बिघडली, याचं स्पष्टीकरण द्यावं. उत्तराचा मसुदा माझ्या टेबलावर आहे. त्याला मी टेल-टेलची मागची वाचनं जोडली आहेत, फॉर्म बदलण्याआधीची आणि नंतरची. छत होतं तसंच आहे हे त्यातून दिसतं. मॅनेजरसाहेब म्हणतात, शेवटच्या परिच्छेदातली भाषा जरा मऊ करा. त्या परिच्छेदात जुन्या रकान्यात सरदाराचं नाव का येत असे ते लिहिलं आहे. तो मी अजून बदललेला नाही.